वरचं बुकिंग

माझं काम सीट विकायचं.
उदगीर ते पुणे, स्लीपर, रात्री आठला.
उदगीर ते तिरुपती, परतीसह, नाश्ता धरून.
अजमेरची गाडी वर्षातून एकदा,
ती ख्वाजा टर्नरच भरून देतो.

त्याच ख्वाजानं विचारलं, बशीत चहा ओतता ओतता :
शिवलिंगशेठ, वर जायचं बुकिंग कधी चालू करायलाव?
म्हटलं, तिकडचं तर सगळ्यांचंच झालंय,
तारीख तेवढी कळवत नाहीत.

तो हसला नाही.
लेथच्या मागं, ग्रीसच्या डब्याआड
तुषार सिंचनाच्या पाइपाचा हातभर तुकडा,
एका टोकाला घासून घासून केलेलं लाकडी नाक,
दुसऱ्या टोकाला पोलादी नरडं.
सात वेळा वाया गेलं, आठव्यांदा कातलं.
इंधन म्हणजे शोरा आणि साखर.
साखर काय, आपल्याकडं पोत्यानं.

रात्री मोबाइलवर दर काढले.
आधी डॉलरात सांगतात,
म्हणजे धक्का हप्त्यानं बसतो.
अकरा मिनिटांचा प्रवास,
त्यातली तीन-चार मिनिटं अंगाला वजन नाही.
आमची पुण्याची गाडी
बार्शीच्या ढाब्यावरच चाळीस मिनिटं उभी असते.
दोन टक्के कमिशन धरून पाहिलं
आणि कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.

गिऱ्हाईक कोण?
महानंदाबाई पटवारी. काशी, रामेश्वर, बाली,
सगळं माझ्याकडूनच केलेलं.
तिथं दर्शनाला काय आहे? त्यांनी विचारलं.
काही नाही. वर जाऊन खालीच बघायचं.
मग त्याला एवढं वर कशाला?
उठल्या. दारात थांबल्या.
आपलं घर दिसंल का?
घर नाही दिसणार.
आन् गाव?
गावही नाही.
पायरीवर जरा वेळ चप्पल चाचपत राहिल्या.
बघू म्हणाल्या. नाव लिहून ठेव. पेन्सिलीनं.

फेब्रुवारीत देवणी रोडच्या माळावर गेलो.
पायाखाली तुरीची धसकटं,
वर बिदरच्या विमानांनी ओढलेली रेघ.
छत्री माझ्या जुन्या बसच्या पडद्याची,
निळ्यावर पिवळी फुलं.
नाकाच्या पोकळीत मी पावती सरकवली :
क्रमांक एक. पासून : माळ. पर्यंत : माळ.
प्रवाशाचं नाव : कोरं.
साखरेला मुंगळे लागलेले.
ख्वाजा फुंकर मारमारून झटकत होता.
एक आत गेला तो बाहेर आला नाही.

पॉलिटेक्निकची सुमेधा बनसोडे उलटं मोजू लागली.
तीनवर ख्वाजा बिस्मिल्ला म्हणाला
आणि तिचं बोट दोन-एकची वाट न बघता दाबलं गेलं.

मांजरपाटाचा अख्खा ताका
एका झटक्यात फाडावा, तसा आवाज.
मग धुराची काठी, शेंड्याला वाकलेली.
मी तोंड उघडं ठेवून उभा,
आयुष्यात पहिल्यांदा एक गाडी
वेळेच्या आधी सुटलेली.

कोनमापकाला बांधलेल्या दोऱ्यावरून सुमेधानं सांगितलं,
दोनशे दहा मीटर, थोडं इकडंतिकडं.
बसस्टँडपासून माझं दुकान तेवढंच आहे.
अवकाश शंभर किलोमीटरवर सुरू होतं म्हणे.
म्हणजे लातूरचा रस्ता उभा करायचा
आणि मुरुडच्याही पुढं जायचं.
शेअर जीपनं लोक रोज जातात की, ख्वाजा म्हणाला,
आडवं.

पडदा बाभळीत अडकला, अर्धाच उघडलेला.
नाक चिरलं होतं.
पावतीचा एक कोपरा करपलेला,
आणि तिच्यावर मुंगळा. चालत होता,
पण जरा तिरका,
उतरल्यावर सगळेच घाटातले प्रवासी चालतात तसा.
ख्वाजानं त्याला बोटावर घेतलं,
काही विचारावं असं तोंड केलं,
मग बाभळीच्या सालीवर सोडून दिलं.

संध्याकाळी पावतीपुस्तक उघडलं.
कार्बनखालच्या प्रतीवर लिहिलं : मुंगळा, एक.
भाडं : बाकी.
दोन नंबरला महानंदाबाई.
नाव पुसट झालेलं, पुन्हा गिरवलं,
पेन्सिलीनंच.
बाहेर पुण्याची गाडी हॉर्न देत होती.
अकरा नंबरचा अजून आलेला नव्हता.